लोणीचा तळ आणि फौजेचा पगार

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की हडपसरची गर्दी ओलांडून थोड्याच वेळात लोणी काळभोर लागते. तेलाचे टँकर, कॉलेजची मुले, थेऊरच्या चिंतामणीकडे वळणाऱ्या गाड्या, हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर. या धांदलीत २३ ऑक्टोबर १८०२ ची आठवण कुणाला होण्याचे कारण नाही. त्या दिवशी लोणीच्या शिवारात यशवंतराव होळकरांच्या फौजेचा तळ पडला. दिवाळी तोंडावर आली होती. पुण्याच्या अंगाला, वानवडी-घोरपडीच्या माळावर, दौलतराव शिंद्यांची फौज आणि पेशव्यांची माणसे वाट अडवून उभी होती. सैन्य दोन्हीकडचे मराठी राज्याचेच, आणि दोन्हीकडचे धनी स्वतःला पेशव्यांचे चाकर म्हणवणारे.

दोन दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, लढाई झाली. होळकर जिंकले. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांत मराठी सत्ता संपली.

हे असे का झाले, याला आपल्याकडे एका शब्दाचे उत्तर तयार असते: भाऊबंदकी. उत्तर चूक नाही, पण ते फार लवकर येते आणि पुढचे प्रश्न बंद करते. जणू त्या काळच्या माणसांना भांडायची खोडच होती. सव्वादोन हजार वर्षे आधी भूमध्य समुद्राकाठी, मराठ्यांचे नावही न ऐकलेल्या माणसांनी जवळजवळ हाच खेळ याच क्रमाने खेळला आणि तोही असाच संपला. तेव्हा दोष स्वभावाचा की रचनेचा, हे तपासायचे तर एकदा ग्रीसला जाऊन यावे लागते.

एक भाषा, हजार राज्ये

प्राचीन ग्रीस हा एक देश नव्हता. डोंगरांनी आणि खाड्यांनी तोडलेल्या त्या प्रदेशात आणि समुद्राकाठच्या वसाहतींत हजाराहून अधिक नगरराज्ये होती. एखादे शहर, भोवतीची शेते, चार-दोन खेडी, एवढाच बहुतेकांचा पसारा. भाषा एक, देव तेच, ऑलिंपियाच्या खेळांना सगळे एकत्र येत. पण कायदे, नाणी, पंचांग आणि फौज ज्याची त्याची वेगळी. त्यांत दोन नावे मोठी. अथेन्स समुद्रावर बळकट, तिथे नागरिकांच्या सभेत मतदानाने निर्णय होत. स्पार्टा जमिनीवर बळकट. तिथले नागरिक लहानपणापासून फक्त लढायला शिकत आणि त्यांची शेती हेलॉट नावाचे गुलामीत ठेवलेले लोक कसत.

इराणच्या बादशहाने इ. स. पूर्व ४८० मध्ये स्वारी केली, तेव्हा हे दोघे खांद्याला खांदा लावून लढले. सालामिसच्या समुद्रात आणि पुढच्या वर्षी प्लाटिआच्या रणात इराणी सैन्य मोडले. विजयाची खूण म्हणून डेल्फीला एकमेकांत गुंफलेल्या तीन सर्पांचा कांस्यस्तंभ उभारला गेला. आज तो इस्तंबूलमध्ये आहे. त्यावर मिळून लढलेल्या राज्यांची नावे कोरली आहेत, ती फक्त ३१. ग्रीकांच्या एकीचा हा सर्वांत मोठा क्षण, आणि त्यातही बहुतेक ग्रीक गैरहजर.

इराणी परत येतील म्हणून अथेन्सच्या पुढाकाराने एक संघ झाला. प्रत्येक राज्याने जहाजे द्यावी किंवा पैसे. बहुतेकांनी पैसे दिले, कारण ते सोपे होते. इथेच मेख आहे. तीन रांगांत वल्ही असलेल्या एका युद्धनौकेवर सुमारे २०० माणसे लागत, त्यांतले १७० वल्हेकरी. त्यांना रोजचा रोज पगार द्यावा लागे. संघाच्या वर्गणीतून अथेन्सने आरमार वाढवले; आरमार वाढले तसे वर्गणी थकवणाऱ्यावर चालून जाणे सोपे झाले. इ. स. पूर्व ४५४ मध्ये संघाचा खजिना डेलॉस बेटावरून अथेन्सलाच हलवण्यात आला. मित्रांची वर्गणी कधी खंडणी झाली, ते मित्रांनाही नेमके सांगता आले नसते.

आरमार पोसायला खंडणी हवी आणि खंडणी वसूल करायला आरमार. या रहाटगाडग्यातून अथेन्सला उतरता येत नव्हते, आणि ते असेच फिरत राहिले तर उद्या आपली पाळी, हे स्पार्टाला दिसत होते. अखेर दोघांत युद्ध पेटले. या युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीस स्वतः अथेन्सचा सेनापती होता. एक शहर वेळेवर वाचवू न शकल्याबद्दल त्याला हद्दपारी भोगावी लागली. युद्धाची तात्कालिक भांडणे तो सविस्तर सांगतो आणि खरे कारण वेगळे काढून दाखवतो: अथेन्सचे वाढते बळ आणि त्याने स्पार्टाच्या मनात भरवलेली धास्ती. ४३१ ते ४०४ अशी २७ वर्षे ते युद्ध, मध्ये काही वर्षांचा नावापुरता तह धरून, चालले.

घरातली भांडणे, बाहेरचे पाठीराखे

थ्युसिडिडीसची सर्वांत अस्वस्थ करणारी पाने रणांगणाची नाहीत. ती कॉर्सिरा, म्हणजे आजच्या कोर्फू बेटावरच्या यादवीची आहेत. तिथले लोकशाहीवादी अथेन्सला हाका मारत होते आणि श्रीमंत घराण्यांचा पक्ष स्पार्टाला. हीच तऱ्हा मग गावोगाव झाली. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असले तरी त्याला अथेन्स-स्पार्टाचे रूप देता येऊ लागले. मोठ्यांचे वैर लहानांच्या घरात शिरले आणि लहानांची भांडणे मोठ्यांना ओढत राहिली. ग्रीकांनी या अंतर्गत फुटीला ‘स्तासिस’ म्हटले. त्या शब्दाचे मराठी भाषांतर करायला फार विचार करावा लागत नाही.

आता लोणीकडे येऊ.

राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर हे दोघे पहिल्या बाजीरावांच्या हाताखाली वाढले. माळव्याचा मुलूख दोघांत वाटला गेला. शिंद्यांचे ठाणे उज्जैन, होळकरांचे इंदूर. दोन्ही शहरे एकमेकांपासून एका दिवसाच्या मजलेवर. स्पर्धेला एवढी जवळीक पुरेशी होती. जयपूरच्या गादीसाठी ईश्वरीसिंह आणि माधोसिंह हे सावत्र भाऊ भांडू लागले, तेव्हा मल्हाररावांनी माधोसिंहाची बाजू घेतली आणि जयाप्पा शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे राहिला. कॉर्सिराची गोष्ट राजपुतान्यात घडत होती.

तरी वेळ पडली की दोन्ही घराणी एकत्र येत. १७७९ च्या जानेवारीत रघुनाथरावांना गादीवर बसवायला निघालेले इंग्रज सैन्य बोरघाट चढून वडगावपर्यंत आले, तेव्हा महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांनी मिळून त्याला कोंडले आणि तह लिहून घेतला. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले सगळे जरीपटक्याखाली उभे राहिले. हे आपले सालामिस आणि प्लाटिआ. पण या दोन तारखांच्या मध्ये, १७९३ मध्ये, राजपुतान्यात लाखेरीला शिंद्यांच्या आणि होळकरांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. शिंद्यांच्या बाजूने युरोपीय सेनानी द बॉयनच्या पलटणी, होळकरांच्या बाजूने दुद्रनेकच्या. होळकरांच्या पलटणी जवळजवळ कापल्या गेल्या.

या पलटणींपाशी थांबले पाहिजे, कारण अथेन्सच्या आरमाराची जागा इथे त्यांनी घेतली. जुना मराठा घोडेस्वार मुलूखगिरीवर निघे, लुटीत त्याचा वाटा असे, पावसाळ्यात घरी शेतावर जाई आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा बाहेर पडे. सरंजामातून त्याचे भागत असे. युरोपीय पद्धतीच्या कवायती कंपूचे तसे नव्हते. बंदुका, तोफा, दारूगोळा, गोरे अधिकारी आणि बारा महिने तेरा काळ छावणीत राहणारे शिपाई. त्यांना रोख पगार लागे. महादजींनी द बॉयनच्या कंपूसाठी अंतर्वेदीतला सुपीक मुलूख तोडून दिला होता. उत्तरेत शिंद्यांनी असा कंपू उभारला, तेव्हा होळकरांनाही उभारणे भाग पडले. आणि दोन कंपू पोसेल एवढा मुलूख माळव्यात आणि राजपुतान्यात नव्हता. म्हणजे शिंदे-होळकरांत नुसता मानापमान नव्हता. फौज पोसायला मुलूख हवा, मुलूख राखायला फौज, आणि शेजाऱ्याचा कंपू वाढला की आपला वाढवायचा. एकाही माणसाचा स्वभाव वाईट नसता, तरी हे गाडे उताराला लागलेलेच होते.

पुण्याने भरलेला पगार

उतारावर ब्रेक लावणारी माणसे थोड्या वर्षांत एकामागून एक गेली. महादजी १७९४ मध्ये वानवडीच्या छावणीत वारले, अहिल्याबाई आणि सवाई माधवराव १७९५ मध्ये, तुकोजी १७९७ मध्ये, नाना फडणवीस १८०० मध्ये. मागे राहिले तरुण दौलतराव शिंदे, दुसरे बाजीराव आणि तुकोजींचे चार मुलगे: काशीराव, मल्हारराव, विठोजी आणि यशवंतराव.

दौलतरावांनी काशीरावांची बाजू घेतली. मल्हाररावांचा आधार नानांकडे होता. सप्टेंबर १७९७ मध्ये पुण्यात, भांबुर्ड्याच्या तळावर, शिंद्यांच्या पलटणींनी मल्हाररावांना गाठून मारले. त्यांचा लहानगा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात गेला. विठोजी आणि यशवंतराव निसटले.

शिंद्यांची फौज पुण्यात बसून होती आणि तिचा पगार तुंबला होता. गादी मिळवून दिल्याबद्दल बाजीरावांनी शिंद्यांना मोठी रक्कम कबूल केली होती. ती द्यायला तिजोरीत पैसा नव्हता. मग १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्या सावकारांना आणि धनिकांना पकडून, त्यांचे हाल करून वसुली केली. पेशव्यांच्या राजधानीने पेशव्यांच्याच सरदाराच्या फौजेचा पगार असा भरला. पुण्याच्या जुन्या आठवणींत घाटग्यांचे नाव अजून दचकवते ते यामुळे.

एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकर पकडले गेले. बाजीरावांनी त्यांना शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिले. जुलैत यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणी कापल्या. ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याचा सूड घेतला. पुढच्या वर्षी यशवंतराव दक्षिणेत उतरले. आपण पेशव्यांवर चालून आलो नाही, असे ते सांगत होते. मागणी एवढीच, की खंडेरावाला सोडा, होळकरांचा मुलूख परत द्या आणि शिंद्यांशी आमचा निवाडा करा. निवाडा करणे हेच पेशव्यांचे काम होते. पण न्यायाधीश एका पक्षकाराच्या फौजेच्या सावलीत बसलेला होता, आणि दुसऱ्या पक्षकाराच्या भावाला त्यानेच मारले होते.

बारामतीजवळ पेशव्यांची फौज मोडून यशवंतराव लोणीला आले. २५ ऑक्टोबरच्या सकाळी हडपसरच्या माळावर तोफा सुरू झाल्या. होळकरांकडे १४ कवायती पलटणी आणि भलेमोठे घोडदळ. शिंद्यांकडे सदाशिव भास्कर यांच्या हाताखाली १० पलटणी. दौलतराव स्वतः उत्तरेत होते. दोन्हीकडच्या पलटणींत युरोपीय अधिकारी होते. शिंद्यांकडचा कॅप्टन डॉज पडला, होळकरांकडचा मेजर हार्डिंगही पडला. शिंद्यांच्या माऱ्यापुढे होळकरांचे घोडदळ एकदा मागे हटले. यशवंतरावांनी ते स्वतः वळवले आणि थेट तोफखान्यावर घातले. दुसऱ्या दिवशी इंग्रज वकील बॅरी क्लोज त्यांना भेटायला गेला, तेव्हा ते चिखलातल्या लहानशा तंबूत जखमा बांधून बसले होते. पुणे जिंकलेल्या सेनापतीचा हा दरबार.

बाजीराव मात्र पर्वतीच्या बाजूने सिंहगडाकडे निघून गेले होते. शिंदे-होळकरांच्या तोफा धडाडत होत्या त्याच दिवशी त्यांच्याकडून क्लोजकडे मसुदा पोचला: ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा पलटणी आम्ही ठेवून घेतो, त्यांच्या खर्चासाठी मुलूख तोडून देतो.

सोन्याचे तिरंदाज

अथेन्सला शेवटी बुडवले ते स्पार्टाच्या भाल्याने नव्हे. स्पार्टाकडे आरमार नव्हते आणि आरमाराला पैसा नव्हता. तो दिला इराणने. बादशहाचा मुलगा धाकटा सायरस आणि स्पार्टाचा सेनापती लायसांडर यांचे सूत जमले. सायरस मेजवानीत खूश होऊन ‘काय हवे ते माग’ म्हणाला, तेव्हा लायसांडरने एवढेच मागितले, की माझ्या वल्हेकऱ्यांचा रोजचा पगार एका ओबोलने वाढवा. पगार तीनाचा चार ओबोल झाला. जिकडे पगार चांगला तिकडे वल्हेकरी. अथेन्सच्या जहाजांवरून माणसे निघून येऊ लागली. ४०५ मध्ये अथेन्सचे आरमार शत्रूच्या हाती पडले आणि ४०४ मध्ये अथेन्सने शरणागती पत्करली.

स्पार्टा वरचढ झाला म्हटल्यावर दहा वर्षांच्या आत सोंगट्या फिरल्या. अथेन्स बेचिराख करा म्हणणारे थीब्स आणि कॉरिंथ आता अथेन्सच्याच बाजूने स्पार्टाशी लढू लागले. इराणी सोनेही बाजू बदलून त्यांच्याकडे गेले. अथेन्सच्या पाडलेल्या तटबंद्या पुन्हा बांधायला तोच पैसा लागला. स्पार्टाचा राजा अजेसिलाउस तेव्हा आशियात इराण्यांशी लढत होता, त्याला घरी परत बोलावले गेले. इराणी नाण्यावर धनुर्धारी बादशहाचे चित्र असे. बादशहाने आपल्या हजारो तिरंदाजांनी मला हाकलले, असे तो म्हणाल्याचे प्लुटार्कने नोंदवले आहे.

इ. स. पूर्व ३८६ च्या सुमारास तह झाला आणि त्याच्या अटी बादशहाने सांगितल्या: आशियातली ग्रीक शहरे माझी, बाकीची सगळी स्वतंत्र राहोत. म्हणजे कुणी कुणाशी मिळून मोठे व्हायचे नाही. सालामिसला आरमाराने जे जमले नव्हते ते शंभर वर्षांच्या आत एका कागदाने आणि काही थैल्यांनी जमले.

३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह याच जातीचा कागद आहे. सिंहगडावरून कोकणात उतरून, इंग्रजी जहाजातून वसईला पोचलेल्या बाजीरावांनी त्यावर सही केली. कंपनीची किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात राहणार, तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीला मिळणार, आणि दुसऱ्या सत्तांशी पेशव्यांचे बोलणे कंपनीला विचारून होणार. पगाराचे जे कोडे शिंदे, होळकर आणि पेशवे तिघांनाही सुटले नव्हते, ते कंपनीने आपल्या परीने सोडवले होते. फौज तिची, पैसा पेशव्यांचा.

पुण्यात यशवंतराव जिंकून बसले होते आणि जिंकलेल्याचे काय करायचे ते त्यांनाही कळत नव्हते. त्यांनी बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव यांना बोलावून नवा कारभार मांडून पाहिला. फौजेच्या पगारासाठी पुन्हा पुणेकरांकडूनच वसुली झाली. १८०३ च्या मार्चमध्ये ते उत्तरेकडे निघून गेले, एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुण्यात आला आणि मे महिन्यात बाजीराव इंग्रजी संगिनींच्या छायेत मसनदीवर बसले.

एकेकट्याने

पुढचे सगळे एकेकट्याने झाले. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढले, असईला आणि अडगावला हरले. होळकर लांबून पाहत राहिले. त्या युद्धात कंपनीने शिंद्यांच्या चाकरीतल्या युरोपीय अधिकाऱ्यांना बाजू सोडण्याचे आवाहन केले आणि खुद्द सरसेनापती पेराँसह अनेक जण निघून गेले. एका ओबोलची ती गोष्ट पुन्हा घडली. १८०४ मध्ये यशवंतराव लढायला उठले, इंग्रज अधिकारी मॉन्सनच्या सैन्याला त्यांनी पळता भुई थोडी केली. तेव्हा शिंदे तह करून गप्प होते. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर होते. शेजारी दमला तर बरेच, आपल्यावरचा दाब कमी होईल. थीब्सनेही हेच गणित मांडले होते, अथेन्सनेही. ३७१ मध्ये थीब्सने स्पार्टाला ल्यूक्ट्राला हरवल्यावर अथेन्स आपल्या जुन्या वैऱ्याच्या, स्पार्टाच्याच मदतीला गेले. असे करता करता कुणीच वरचढ उरले नाही. उत्तरेकडून मॅसिडोनियाचा फिलिप आला. त्याने सोन्याच्या खाणी हाती घेतल्या होत्या आणि त्यांतून तो बारमाही पगारी फौज पोसत होता. ३३८ मध्ये कायरोनियाच्या मैदानावर अथेन्स आणि थीब्स त्याच्याविरुद्ध एकत्र उभे राहिले. एकी झाली, पण फार उशिरा.

तुलना ताणायची नाही. ग्रीकांना कधी एक केंद्र नव्हतेच. मराठ्यांना छत्रपती होते, पेशवे होते, दौलत एक असल्याची जाणीव होती. म्हणून आपले तुटणे जास्त बोचते. ग्रीक शहरांत युद्धाचा निर्णय पुष्कळदा नागरिकांच्या सभेत होई. इथे रयतेला कुणी विचारले नाही, तिने फक्त खर्च भरला. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. फौज ज्याची त्याची असेल आणि तिच्या पगाराची सामाईक तजवीज नसेल, तर एकीच्या आणाभाका महिन्याअखेरीपर्यंतच टिकतात. मग जो वेळेवर पगार देऊ शकतो, तो लढाईला न येताही जिंकतो. हडपसरच्या माळावर कंपनीची एकही पलटण नव्हती.

५ नोव्हेंबर १८१७ ला बाजीरावांची फौज खडकीला इंग्रजांवर चालून गेली. त्याच दिवशी तिकडे दौलतराव शिंद्यांनी कंपनीशी ग्वाल्हेरचा तह केला. पंधरा वर्षांपूर्वी पेशव्यांसाठी हडपसरला कापले गेलेले शिंदे या वेळी बाजूला बसले होते. पुढच्या वर्षी बाजीराव शरण आले आणि गंगेकाठी बिठूरला राहायला गेले. कंपनीने त्यांना वर्षाला आठ लाख रुपये बांधून दिले, आणि ती रक्कम ते असेपर्यंत त्यांना मिळत राहिली.